पिकअप माहीत आहे, पिक अप येत नाही

2025 च्या उन्हाळ्यात पहिलीपासून तिसरी भाषा हवी की नको यावरून महाराष्ट्रात रान पेटलं होतं, आठवत असेल. 16 एप्रिलला शासन निर्णय निघाला, जूनमध्ये त्यात दुरुस्ती झाली, मोर्चाची हाक दिली गेली आणि 29 जूनला सरकारने दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधवांची समिती जाहीर केली. मागे घेतले ते बरंच झालं, माझं मत तेव्हाही तेच होतं. पण त्या सगळ्या गदारोळात एक साधा प्रश्न कुणी विचारला नाही. जी दुसरी भाषा आपण पहिलीपासून शिकवतो, तिचं काय झालं?

प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, जून 2000 पासून, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. तेव्हाही भरपूर वाद झाला होता. त्या वर्षी पहिलीत बसलेलं पोरगं सरळ पास होत गेलं असेल तर 2010 ला दहावी झालं. म्हणजे दहा वर्षं इंग्रजीचा तास. ही पोरं आज तिशी ओलांडून संसाराला लागलीत आणि त्यांची पोरं आता त्याच वर्गांत बसतात. पंचवीस वर्षं हा कारभार चालू आहे मंडळी. हिशेब मागायला हरकत नसावी.

गेली काही वर्षं मी नगरमध्ये मुलाखतीला निघालेल्या पोरापोरींबरोबर बसतो. पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत, पारनेर, सगळीकडची असतात. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडात नगर आहे, ते राहणारच.) ही पोरं इंग्रजी वाचतात, बऱ्यापैकी लिहितात, काळ तोंडपाठ असतात, पॅसिव्ह व्हॉइस तर झोपेत करून देतात. समोरचा माणूस बोलायला लागला की मात्र गप्प होतात. आणि गंमत अशी की अवघड शब्दांना अडत नाहीत. अडतात ती गेट, पुट, टेक, कम, गो, लुक, टर्न असल्या बारक्या शब्दांना, जे त्यांना दुसरीपासून येतात.

आमच्या एका पाथर्डीच्या पोराचं सांगतो. मेकॅनिकल डिप्लोमा, मार्क चांगले, कॉलेजात कांदा प्रतवारीचं एक छोटं यंत्र स्वतःच्या डोक्याने बनवलेलं. एका कंपनीची फोनवर मुलाखत होती. कंपनीचं नाव सांगत नाही, तिचा दोषही नाही. पलीकडच्या साहेबाने कौतुकानेच विचारलं, "हाऊ डिड यू कम अप विथ धिस डिझाइन?" पोराने कानावर पडलेलं पहिलं निम्मं वाक्य पकडलं, हाऊ डिड यू कम, आणि प्रामाणिकपणे उत्तर दिलं, "बाय बस, सर." पलीकडे क्षणभर शांतता. मग पुढचा प्रश्न आला, "ओके, वॉक मी थ्रू इट." आता चालायचं कुठे? मुलाखत सहा मिनिटांत आटोपली. त्याला "हे तुला सुचलं कसं" आणि "मला सगळं टप्प्याटप्प्याने सांग" एवढंच विचारलं होतं, आणि त्याच्याकडे सांगण्यासारखं तासभराचं होतं.

इंग्रजीत याला फ्रेजल व्हर्ब म्हणतात. छोटं क्रियापद आणि मागे अप, डाऊन, इन, आऊट, ऑन, ऑफ असलं एक शेपूट. शेपूट बदललं की अर्थ बदलतो. लुक म्हणजे बघणे, पण लुक आफ्टर म्हणजे सांभाळणे, लुक फॉर म्हणजे शोधणे, लुक इनटू म्हणजे चौकशी करणे, लुक डाऊन ऑन म्हणजे कमी लेखणे. आपल्या पोरांनाच हे जड जातं असं नाही. सॅम्युअल जॉन्सनचा प्रसिद्ध इंग्रजी कोश 1755 चा. त्याच्या प्रस्तावनेत त्याने हेच लिहून ठेवलंय, की परक्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास या जोडकामाचा होतो. फ्रेजल व्हर्ब हे नाव तर फार नंतरचं, 1925 मध्ये लोगन पिअरसॉल स्मिथच्या पुस्तकातून रूढ झालेलं. म्हणजे दुखणं जुनं आहे आणि जगभरचं आहे.

माझं म्हणणं असं, की या दुखण्यावरचं औषध आपल्या घरात पडून आहे आणि आपण ते शाळेच्या दारातच काढून ठेवायला लावतो.

पहिलं म्हणजे, आपल्याला हे शब्द येतातच. नेप्तीच्या उपबाजारात कांदा कशात येतो? पिकअपमध्ये. एसटी घाटात बंद पडली की कंडक्टर काय म्हणतो? ब्रेकडाऊन. दहावीला काय होतो? सेंडऑफ. अकरावीला काय लागतो? कटऑफ. प्लॉट घ्यायचा तर एन.ए. लेआऊट बघायचा. चौकात पुढाऱ्याचा कटआऊट. विधानसभेत वॉकआऊट. दवाखान्यात चेकअप, जिममध्ये वर्कआऊट, झेरॉक्सच्या दुकानात प्रिंटआऊट, लग्नात मेकअप, गावात पोरापोरींचं ब्रेकअप आणि लगोलग पॅचअप. 2020 मध्ये लॉकडाऊन शब्द ज्याला कळला नाही असं म्हातारं माणूस जिल्ह्यात सापडायचं नाही. क्रिकेटचं तर विचारूच नका. श्रीरामपूरने झहीर खान दिला, संगमनेरच्या आश्वीने अजिंक्य रहाणे दिला, इथलं शेंबडं पोरगं रनआऊट, नॉकआऊट, फॉलोऑन म्हणजे काय ते पंचाला सांगेल.

हे सगळे फ्रेजल व्हर्बच आहेत. फरक एवढाच, की आपल्याकडे येताना ते गोठून नाम झालेत. पिकअप म्हणजे गाडी, सेटअप म्हणजे मांडामांड, बॅकअप म्हणजे इन्व्हर्टर. त्यांना फक्त परत क्रियापद करायचं आहे. गाडी बंद पडली, द बस ब्रोक डाऊन. मला पाचला घ्यायला ये, पिक मी अप अ‍ॅट फाइव्ह. दुकान मांडलं, ही सेट अप अ शॉप. रनआऊट कळतो ना? मग डिझेल संपलं, वी रॅन आऊट ऑफ डिझेल. धावताना क्रीझपर्यंत पोचायच्या आत वेळ संपली की फलंदाज बाद, आणि शेतात काम संपायच्या आत डिझेल संपलं की ट्रॅक्टर बाद. दोन्ही गोष्टी मुळात एक नाहीत हे मला माहीत आहे, भाषापंडितांनी लगेच धावून येऊ नये. पण पोराच्या डोक्यात खुंटी ठोकायला ही युक्ती चालते. शब्द नवा पाठ करायचा नाही, ओळखीच्या शब्दाला नुसतं कामाला लावायचं, असं कळलं की त्याचा चेहराच बदलतो.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. मराठी स्वतः हेच करते. रोज, दिवसभर. आपल्याला ते दिसत नाही एवढंच.

सकाळी कुठल्याही घरात आई काय बोलते ते ऐका. ऊठ. आवरून घे. अंथरूण गुंडाळून ठेव. दूध पिऊन टाक. नवा शर्ट घालून बघ. सरांनी सांगितलेलं लिहून काढ. आजीचं ऐकून घे. यात नुसतं पी म्हटलं असतं तर चाललं असतं, पण आई म्हणते पिऊन टाक. टाक या शब्दाचा इथे फेकण्याशी काही संबंध आहे का? नाही. त्याचा अर्थ, पूर्ण कर, संपव, मागे ठेवू नकोस. इंग्रज आईही तेच म्हणते, ड्रिंक अप. त्या अपचा वर जाण्याशी तेवढाच संबंध, जेवढा आपल्या टाकचा फेकण्याशी. खाऊन टाक, ईट अप. घालून बघ, ट्राय ऑन. करून बघ, ट्राय आऊट. लिहून ठेव, राइट डाऊन. पळून जा, रन अवे. वाहून गेलं, वॉश्ड अवे. माझं ऐकून तर घे, हिअर मी आऊट.

त्यातही आपला काढ आणि त्यांचा आऊट हे तर जुळे भाऊ आहेत. शोधून काढ, फाइंड आऊट. निवडून काढ, पिक आऊट. लिहून काढ, राइट आऊट. गणित सोडवून काढ, वर्क आऊट. सगळीकडे ही जोडी जमत नाही, झोडपून काढला ते आऊट होत नाही, बीट अप होतं. पण दहातले सहा जमले तरी पोराला घर सापडतं, उरलेले चार मग तो स्वतः शोधून काढतो.

आणि काही जोड्या इतक्या नेमक्या आहेत की हसू येतं. पुट अप विथचा अर्थ पुस्तकात टॉलरेट, सहन करणे असा देतात. आपण घरात काय म्हणतो? चालवून घे. सासू चालवून घेते, सून चालवून घेते, नगर-मनमाड रस्त्याचे खड्डे तर आख्खा जिल्हा वर्षानुवर्षं चालवून घेतोय. पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे, आणि आपणही ढकलतोच, धक्का न मारता. म्हातारीला कोण बघतं, यातलं बघणं डोळ्याचं नसतं, आणि लुक आफ्टरमधलं लुकही डोळ्याचं नसतं.

व्याकरणाच्या पुस्तकात याला संयुक्त क्रियापद म्हणतात. शाळेत मराठीच्या तासाला एक धडा होऊन जातो, इंग्रजीच्या तासाला फ्रेजल व्हर्बचा एक तक्ता होऊन जातो, आणि हे दोन तास एकमेकांना कधी भेटत नाहीत. इंग्रजीच्या तासाला मराठी बोलू नका, असा फलक मी कितीतरी शाळांत पाहिलाय. काही ठिकाणी दंड सुद्धा आहे. म्हणजे पोराच्या खिशात किल्ली आहे आणि आपण त्याला सांगतो, खिशात हात घालायचा नाही.

आजोबांच्या पिढीने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी पक्कं केलं. त्या पुस्तकाची इंग्रजी आज जुनी वाटेल, पण पद्धतीत एक शहाणपण होतं. मराठी वाक्य समोर ठेवायचं आणि विचारायचं, हे त्या भाषेत कसं म्हणतील? मराठीला बाहेर काढलेलं नव्हतं. आपण जुनं टाकताना तेवढं नेमकं टाकून दिलं.

त्याच्या जागी काय आलं? याद्या. एमपीएससीच्या संयुक्त परीक्षेच्या अभ्यासक्रमात इंग्रजीत वाक्प्रचार आहेत, त्यामुळे बाजारात जाडजूड याद्या आहेत. ए पासून सुरुवात, अबाइड बाय, अकाउंट फॉर, शेवटी झेड. पोरं नगरच्या अभ्यासिकेत आणि पुण्याच्या सदाशिव पेठेत त्या याद्या पाठ करतात, चार पर्यायांतला बरोबर पर्याय काळा करतात, आणि त्याच संध्याकाळी कुणी म्हणालं की आय विल गेट बॅक टू यू, तर विचारतात, हा परत येणार आहे का? मोबाइलवरही तेच. तीस सेकंदांच्या रीलमध्ये दहा फ्रेजल व्हर्ब. लाइक करून पुढे. "30 दिवसांत फाडफाड इंग्रजी" वाल्या क्लासबद्दल तर मी काही बोलत नाही, सावेडीपासून माळीवाड्यापर्यंत फ्लेक्स आहेत, पोट सगळ्यांनाच आहे.

यादीचा घोटाळा असा, की यादी डोळ्याने वाचायची असते आणि फ्रेजल व्हर्ब कानाने कळतो. बोलणारा माणूस पिक, इट, अप असे तीन शब्द उच्चारतच नाही. तो म्हणतो "पिकिटप". टर्न इट ऑफ म्हणजे "टर्निटॉफ". होल्ड ऑन म्हणजे "होल्डॉन". शब्द एकमेकांत विरघळतात आणि जोर जातो शेवटच्या शेपटावर. ज्याने फक्त छापील पिक अप पाहिलाय त्याच्या कानाला पिकिटप हा चिनी शब्द वाटतो. आणखी एक बारीक नियम आहे. टर्न ऑफ द मोटर चालतं, टर्न द मोटर ऑफ चालतं, पण मोटरच्या जागी इट आलं की टर्न इट ऑफच म्हणायचं, टर्न ऑफ इट नाही. हा नियम पाठ करून बोलायला गेलात तर तोवर मोटर जळून जाईल. पन्नास वेळा ऐकला की जीभ आपोआप तिकडे वळते. आपण "देऊन टाक" म्हणतो, "टाकून दे" म्हणजे वेगळं होतं, हे आपल्याला कुणी फळ्यावर शिकवलं होतं का?

कानाने शिकलेली माणसं बघायची असतील तर नगरमध्येच बघा. दौंड रस्त्याला अरणगावजवळ मेहेराबाद आहे, मेहेरबाबांची समाधी. देशोदेशीचे लोक तिथे कित्येक दशकं येतात, 31 जानेवारीच्या अमरतिथीला तर मोठी गर्दी असते. स्टेशनवरून, स्टँडवरून त्यांना घेऊन जाणारे रिक्षावाले आहेत. त्यातला एक माझ्या ओळखीचा, शाळा आठवीत सुटलेली. स्पेलिंग विचारलं तर हात जोडेल. पण तो पाहुण्याला सहज विचारतो, "शाल आय ड्रॉप यू ऑफ हिअर? व्हेन टू पिक यू अप?" दुसऱ्या वाक्याचं व्याकरण थोडं लंगडं आहे, पण पाहुण्याला कळतं, काम होतं, आणि ड्रॉप ऑफ, पिक अप, हँग ऑन, हरी अप हे सगळे शब्द त्याच्या जिभेवर बरोब्बर जागी बसलेत. मेहेरबाबा 10 जुलै 1925 पासून 1969 ला देह ठेवेपर्यंत बोलले नाहीत. ज्याने चव्वेचाळीस वर्षं मौन पाळलं त्याच्या दारात नगरचे रिक्षावाले इंग्रजी बोलायला शिकले, याला काय म्हणावं!

शिर्डीतही असंच. हॉटेलच्या काउंटरवरची पोरं चेक इन, चेक आऊट, फिल अप द फॉर्म हे ऐकून ऐकून शिकली. आता फिल अप की फिल इन, यावर मी भांडणार नाही. भारतीय इंग्रजीला स्वतःची अंगकाठी आहे आणि तिचा मला अभिमान आहे. फक्त कुठे काय कळेल एवढं माहीत पाहिजे. आपण म्हणतो, मी 2019 चा पासआऊट. नगरला लष्कराचं मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं केंद्र आहे, तिथली पासिंग आऊट परेड आपण लहानपणापासून ऐकतो, तो लष्करी वापर पूर्वापारचा आणि चोख आहे. पण अमेरिकन माणसाला सांगितलं की आय पास्ड आऊट इन 2019, तर तो काळजीने विचारेल, चक्कर कशाने आली होती? त्याच्याकडे पास आऊट म्हणजे बेशुद्ध पडणे.

हा विनोद वाटेल, पण थांबा. जिल्ह्यातल्या लोणीच्या, नगरच्या नर्सिंग कॉलेजांतून मुली शिकून बाहेर पडतात, काहींना परदेशी जायचं असतं. तिकडे जायला लागणाऱ्या ओईटीसारख्या परीक्षेत रुग्णाशी बोलून दाखवावं लागतं. पुस्तकात व्हॉमिट शिकवलेलं असतं. म्हातारा रुग्ण म्हणतो, आय थ्रू अप ट्वाइस. पुस्तकात स्वेलिंग असतं, तो म्हणतो, इट पफ्ड अप अगेन. पुस्तकात फेंट असतं, तो म्हणतो, आय पास्ड आऊट. मुलगी हुशार आहे, सुई बरोबर लावते, औषधं पाठ आहेत, आणि रुग्ण काय सांगतोय तेच कळत नाही.

इथल्या कारखान्यातही तीच गत. सुप्याच्या एमआयडीसीत परदेशी कंपन्या आल्यात. यंत्र दुरुस्तीआधी वीज तोडून त्यावर कुलूप आणि पट्टी लावायची जी पद्धत आहे, तिला लॉकआऊट-टॅगआऊट म्हणतात. आपल्या कानात लॉकआऊट म्हणजे टाळेबंदी, कामगारांना गेटबाहेर ठेवणे. नवीन पोराला कुणी नीट फोड करून सांगितलं नाही तर तो पाटी बघून भलताच अर्थ लावेल, आणि ती पाटी माणसाचे हात वाचवण्यासाठी असते.

आता काही शिक्षक मित्र म्हणतील, आणि मला म्हणालेही आहेत, की हे सगळं बोलीभाषेतलं, हलकं इंग्रजी आहे, आम्ही शुद्ध शिकवतो. शुद्ध म्हणजे काय हो? पुट आऊट नको, एक्स्टिंग्विश. पुट ऑफ नको, पोस्टपोन. फाइंड आऊट नको, अ‍ॅसर्टेन. हे लॅटिनकडून आलेले भारदस्त शब्द आहेत, त्यांची जागा आहे, अर्जात वापरा. पण रोजच्या बोलण्यात तेवढेच वापरायचे म्हणजे मराठीत "दीप विझविण्यात यावा" आणि "भोजन ग्रहण करण्यात आले" असं बोलण्यासारखं आहे. आपण पोरांना इंग्रजी शिकवत नाही, इंग्रजीतलं शासन परिपत्रक शिकवतो. मग ती बोलत नाहीत म्हणून त्यांनाच बोल लावतो. न्यूनगंड पोरांचा नाही, तो आपण घडवलेला आहे.

आपल्या नगरच्या मातीला इंग्रजी नवी नाही. अमेरिकन मराठी मिशन इथे 1831 पासून. सिंथिया फरार बाईंच्या शाळेत सावित्रीबाई शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला आल्या ते याच शहरात. 1854 च्या "काव्यफुले" मध्ये सावित्रीबाईंनी इंग्रजी शिकण्याबद्दल कविता लिहिल्या, कारण ती भाषा शूद्रातिशूद्रांच्या हातात आली तर काय होईल हे त्यांना दिसत होतं. नेहरूंनी "डिस्कव्हरी ऑफ इंडिया" लिहिलं ते भुईकोट किल्ल्यातल्या कैदेत, 1944 मध्ये. पण नेहरूंची इंग्रजी आणि सावित्रीबाईंना हवी होती ती इंग्रजी यात मला दुसरीची काळजी जास्त आहे. पहिली ज्याला मिळायची त्याला मिळते, पैसे टाकून. दुसरी जिल्हा परिषदेच्या शाळेत मिळाली नाही तर कुठेच मिळत नाही.

आणि यावर उपाय म्हणून आईबाप काय करतात? पोराला तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला घालतात. फी भरायला कांदा विकतात. तिथे इंग्रजी किती मिळते हा वेगळा विषय, पण मराठीतलं "चालवून घे", "निभावून ने", "उरकून टाक" हे मात्र जातं. ज्या पायावर दुसरी भाषा उभी करायची तो पायाच ठिसूळ. माझ्या अनुभवात घरात दणदणीत मराठी बोलणारं पोरगं बोलतं इंग्रजी लवकर उचलतं, पिकिटप करतं म्हणा हवं तर. दोन्ही भाषा अर्ध्या असलेलं पोरगं मधेच लटकतं.

शिक्षकांना दोष देऊन सुटका नाही. त्यांना तरी बोलतं इंग्रजी कुणी ऐकवलं? केंद्राची शिक्षण परिषद भरते, त्यात माहिती भरणं, पोर्टल, ॲप, फोटो यातच दिवस जातो. तिथे दर महिन्याला अर्धा तास ठेवा. शिक्षकांनीच वीस मराठी वाक्यं आणायची, आपापल्या वर्गात पोरं बोलतात ती, आणि मिळून त्यांची बोलती इंग्रजी करायची. "सर, ह्यानं माझी पेन्सिल घेतली, परत देईना." गिव्ह इट बॅक. "बाई, पाणी संपलं." वी'व्ह रन आऊट. "गुरुजी, वही घरी राहिली." आय लेफ्ट इट बिहाइंड. पैसे लागत नाहीत, टेंडर लागत नाही. बहुधा म्हणूनच होत नसावं.

दहावीच्या इंग्रजीत 80 गुणांचा लेखी पेपर आणि 20 गुण शाळेच्या हातातले, तोंडी परीक्षेचे. हे 20 गुण कसे पडतात ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. हजेरीच्या क्रमाने, 17, 18, 18, 19. पोराला तोंड उघडावंच लागत नाही. बोर्डाने हे 20 गुण खरे करावेत एवढीच माझी मागणी आहे. परीक्षकाने पोराचं ऐकून घ्यावं, पोराने परीक्षकाचं. पाठ केलेलं "माय सेल्फ" नको. शेतात मोटर बंद पडली तर काय करशील, एसटी चुकली तर घरी कसं कळवशील, पाहुणे आले आणि साखर संपली तर शेजारी जाऊन काय म्हणशील, असे पाच मिनिटांचे प्रश्न. चुकलं तरी गुण द्या, गप्प बसलं तरच कापा.

तोवर एक काम आपल्या हातातलं आहे. पुढच्या पालकसभेला जाल, तेव्हा गणवेश आणि सहलीच्या पैशांचं बोलून झालं की सरांना विचारा, माझ्या पोराची इंग्रजीची तोंडी परीक्षा कोणत्या तारखेला झाली आणि त्याला काय विचारलं होतं? शेजारच्या दोन पालकांनाही हेच विचारायला सांगा. एकट्याने विचारलं तर सर म्हणतील, बघतो. तिघांनी विचारलं तर म्हणतील, बसा.